माझ्या हिशेबी मांड

स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेलाला, संत याकोबाच्या समाधीकडे, जाणाऱ्या पदयात्रेच्या वाटेवर कोण कशासाठी चालतो हे विचारू नये असा अलिखित दंडक आहे, आणि तो बहुतेक पहिल्याच मुक्कामी मोडला जातो. मलाही विचारले गेले आणि मीही सांगून टाकले. जिच्या वतीने मी चालत होतो तिला अंथरुणावरून उठणे शक्य नव्हते. तिने मला चालायला सांगितलेही नव्हते, ते माझे मीच ठरवले होते. तिचे नाव इथे लिहीत नाही. मी प्रोटेस्टंट घरात वाढलो. पदयात्रा, संतांच्या अस्थी, दंडमाफीची (पापाची शिक्षा माफ करण्याच्या कॅथलिक प्रथेची) दारे यांकडे संशयाने पाहण्याची सवय लहानपणीच लागलेली. तारण कृपेने होते, पायांनी नव्हे, हे शास्त्रपाठाच्या वर्गात घोटून घेतलेले. असे असूनही पाठीवर पिशवी आणि तिला लटकवलेला, या वाटेवरच्या यात्रेकरूंची खूण असलेला शिंपला घेऊन मी निघालो, आणि निघाल्यापासून मनात एक वही उघडली गेली: आज इतके चाललो, इतके सोसले, म्हणजे इतके तिच्या नावावर जमा. ही वही मी कोणाला दाखवली नसती, पण ती रोज भरत होती एवढे खरे.

रोंसेसवायेसचा आशीर्वाद, आल्तो देल पेर्दोनवरचा वारा आणि तिथले लोखंडी यात्रेकरू, बुर्गोसचे कॅथेड्रल यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात, आणि माझ्याही आठवणीत त्याहून फारसे काही उरलेले नाही. दिवस एकमेकांत मिसळून गेले. स्पष्ट आठवते ती कारिऑन दे लोस कोंदेस ते काल्सादिया दे ला क्वेसा ही वाट. सुमारे 17 किलोमीटरमध्ये एक गाव नाही, सावली जवळपास नाही, जुन्या रोमन रस्त्याची सरळ रेघ आणि दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेते. आदल्या संध्याकाळी कारिऑनच्या सिस्टरांनी गिटार घेऊन गायलेल्या गाण्यांनी सगळे हळवे झाले होते. दुसऱ्या दिवशी उन्हात त्याच सगळ्यांचा मला राग येत होता. पुढच्याच्या काठ्यांची टकटक, मागच्याचे मोबाइलवरचे बोलणे, आणि माझ्या उजव्या टाचेत प्रत्येक पावलाला उठणारी कळ.

निम्म्या वाटेवर मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि मोजा काढला. टाचेवरचा फोड फुटून कातडी एका बाजूला गोळा झाली होती, मोज्याचे धागे ओल्या मांसाला चिकटले होते, आणि करंगळीशेजारी दुसरा फोड अजून भरलेला होता. साठी केव्हाच ओलांडलेल्या, अंगाने लहानखुऱ्या एक कोरियन बाई माझ्यापाशी थांबल्या. आमची सामाईक भाषा एकही नव्हती. त्यांनी न विचारता माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, बाटलीतले पिण्याचे पाणी ओतून जखम धुतली, धागे चिमट्याने एकेक करून उपसले, औषध लावले, आणि चौकोनी गॉज कापून त्यावर चिकटपट्टी अशी बसवली की कडा बुटाला घासू नये. हे सगळे करताना त्या गुणगुणत होत्या. चाल मला ओळखीची निघाली. आमच्या उपासनेत ते स्तोत्र कितीदा तरी गायले आहे. त्या ते बेसूर गात होत्या, तिसऱ्या ओळीला दरवेळी खाली घसरत होत्या, आणि कृतज्ञतेने भरून येण्याऐवजी मी मनात त्यांचा सूर दुरुस्त करत बसलो होतो.

मी उठलो, चार पावले लंगडलो. त्यांनी माझ्या पाठीवरची पिशवी सोडवून घेतली आणि स्वतःच्या छातीवर अडकवली. पाठीवर त्यांची स्वतःची होतीच. मी हात जोडून नको नको म्हणत राहिलो, पिशवीचा पट्टा धरून ओढलासुद्धा. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला, लहान मुलाला मारतात तसा, आणि चालू लागल्या. पुढचे काही तास मी रिकाम्या पाठीने त्यांच्या मागे चाललो. एवढी लाज मला क्वचितच वाटली असेल. समोरून सायकलवर आलेल्या दोघांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. माझे काय चुकले हे मला कळेना, कारण काहीच चुकले नव्हते. माझ्या ओझ्याला दुसऱ्याची पाठ लागली होती एवढेच, आणि ते मला सहन होत नव्हते. त्या दिवशी वहीत काय लिहायचे? ते अंतर तर त्यांनी वाहिले होते.

काल्सादियाला पोचल्यावर मी पैसे पुढे केले, मग जेवणाचे आमंत्रण दिले, मग निदान कॉफी तरी घ्या म्हणून खूण केली. त्या हसल्या, उरलेला गॉज माझ्या हातात कोंबला आणि कपडे धुवायला निघून गेल्या. रात्री फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने थोडे बोलणे झाले. त्या निवर्तलेल्या थोरल्या भावाच्या वतीने चालत होत्या. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मला 49 वे स्तोत्र आठवले, ज्यात म्हटले आहे की कोणालाही आपल्या भावाची खंडणी भरून त्याला सोडवता येत नाही, कारण जिवाचे मोल फार मोठे आहे. ते त्यांना दाखवावे असे क्षणभर वाटले. सुदैवाने फोनची बॅटरी संपली.

त्या रात्री झोप आली नाही. दोघे जण घोरत होते, तिसरा झोपेत कोणाशी तरी भांडत होता, आणि मला राहून राहून तोच प्रश्न सतावत होता, जो ख्रिस्ती धर्मपंडितांना पहिल्या शतकांपासून सतावत आला आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला आहे. ठीक; पण ही खंडणी घेतली कोणी? ऑरिजेनने म्हटले, सैतानाने, कारण माणसे त्याच्या कैदेत होती. निस्साच्या ग्रेगरीने त्यावर आणखी रचना केली: ख्रिस्ताचे मनुष्यपण हे आमिष, त्याखाली देवपणाचा गळ, आणि सैतान तो गिळून अडकला. नाझियान्झसच्या ग्रेगरीला ही कल्पनाच असह्य झाली. लुटारूला देवाच्या पुत्राचा मोबदला मिळावा? आणि पित्याला दिला म्हणावे, तर आपण पित्याच्या कैदेत कधी होतो? त्याचा हा प्रतिप्रश्न मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो. पुढे 1098 मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात अन्सेल्मने सगळा हिशेब देवाच्या बाजूने मांडला: पापाने देवाचा सन्मान हिरावला गेला, ते देणे माणसाने फेडायला हवे, पण फेडण्याची ऐपत केवळ देवाची आहे, म्हणून फेडणारा देवही असला पाहिजे आणि माणूसही. युक्तिवादाला चिरा नाही. पण तो वाचताना मला नेहमी एखाद्या न्यायालयात बसल्यासारखे वाटत आले आहे, आणि अबेलारला तसेच काही वाटले असावे. त्याच्या मते वधस्तंभ म्हणजे प्रेमाचे असे दर्शन की ते पाहून माणसाचे हृदय भयातून सुटते आणि उलट प्रेम करू लागते.

सर्वांत कडक आक्षेप तत्त्वज्ञ कांटचा आहे, 1793 च्या त्याच्या धर्मविषयक ग्रंथातला. पैशाचे कर्ज दुसरा कोणीही फेडू शकतो, सावकाराला त्याने फरक पडत नाही. अपराध मात्र ज्याचा त्याचाच असतो, तो दुसऱ्याच्या नावे वर्ग होत नाही. प्रोटेस्टंट घरातल्या मुलाला हे वाचून घाम फुटतो, कारण हे खरे असेल तर आपल्या अर्ध्या स्तोत्रांचे काय करायचे? अंधारात पडल्या पडल्या मला याचे उत्तर सापडले नाही, आणि उत्तर म्हणून जे सुचले ते तर्काच्या पातळीवरचे नाही, हे मला कळते. कांट ज्या हिशेबाबद्दल बोलतो त्यात देणारा आणि घेणारा एकमेकांना परके आहेत. बायबलमधला सोडवणारा परका नसतो. लेवीयच्या 25 व्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे, गरिबीने विकली गेलेली जमीन किंवा स्वतःला विकून घेतलेला माणूस परत सोडवून आणायचा हक्क जवळच्या नातलगाचा असतो. रूथच्या पुस्तकात विधवा रूथसाठी बवाज पुढे होतो तो याच नात्याने. तो जमीन सोडवतो, पण सोडवून निघून जात नाही, तर त्या घरचा होतो. आणि पौल फिलेमोनाला पत्र लिहून त्याच्याकडून पळालेला गुलाम अनेसिम याला परत पाठवतो, तेव्हा लिहितो की त्याचे तुला काही देणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. अपराध वर्ग होतो की नाही याची चर्चा पौल करत नाही. तो मध्ये उभा राहतो.

ज्या देशातून मी चालत होतो तिथे ही गोष्ट नुसत्या उपदेशापुरती राहिलेली नव्हती. त्रैक्याच्या संघाला (ट्रिनिटेरियन धर्मबंधूंना) 1198 मध्ये पोपची मान्यता मिळाली, तेव्हा त्यांच्या नियमात उत्पन्नाचा तिसरा हिस्सा कैद्यांच्या सुटकेसाठी राखून ठेवलेला होता. बार्सेलोनात 1218 मध्ये सुरू झालेल्या मर्सेडेरियन संघाचे बंधू तर चौथे व्रत घेत: गरज पडली तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहण्याचे. 'डॉन किहोते'चा लेखक सेर्व्हांतेस 1575 पासून अल्जीयर्सच्या कैदेत होता. घरच्यांनी जमवलेली रक्कम पुरेना, तेव्हा त्रैक्य संघाच्या धर्मगुरूंनी भर घालून 1580 मध्ये 500 एस्कुदोंना त्याला सोडवले. मला त्या सुटकेनंतरच्या माणसाचे कुतूहल वाटते. ज्यांनी पैसे भरले त्यांतल्या कित्येकांची तोंडेही न पाहिलेला, परतफेड कधीच पुरी होणार नाही हे माहीत असलेला असा माणूस सकाळी उठून काय करत असेल? तारणाबद्दलची प्रवचने पापावर तासभर बोलतात आणि या सकाळीबद्दल काहीच बोलत नाहीत, अशी माझी जुनी तक्रार आहे.

त्यानंतर लेओन शहर आले आणि गेले. त्या बाई माझ्या पुढे निघून गेल्या होत्या. टाच सुकली, मी वेग वाढवून पाहिला, पण त्या पुन्हा कुठे दिसल्या नाहीत.

क्रूस दे फेर्रोला पहाटे पोचलो. उंच लाकडी खांबाच्या टोकाला लहानसा लोखंडी क्रूस, पायथ्याशी यात्रेकरूंनी घरून आणून टाकलेल्या दगडांचा ढीग. आपले पाप, आपले दुःख, आपले ओझे त्या दगडातून तिथे ठेवायचे असा प्रघात आहे. मीही दगड आणला होता. पण ढिगात दगडांबरोबर चाव्यांची कडी, बुटांच्या नाड्या, प्लास्टिकची फुले, हॉटेलांची कार्डे पडलेली, आणि वर चढून छायाचित्र काढणाऱ्यांची रांग लागलेली. एक जण पुढच्याला जरा बाजूला हो म्हणून ओरडत होता. माझी चिडचिड झाली. मग ढिगाच्या कडेला एका कागदावर पेन्सिलीने लिहिलेले एकच नाव दिसले, पावसाने निम्मे पुसलेले, आणि माझी चिडचिड कुठे गेली ते कळले नाही. दगड ठेवला. हलके वगैरे वाटले नाही.

विल्याफ्रांका देल बिएर्सोमध्ये संत याकोबाच्या (सांतियागोच्या) लहान चर्चला क्षमेचे दार आहे. आजारामुळे पुढे जाणे ज्यांना अशक्य होई त्यांना या दारापाशीच कोम्पोस्तेलात पोचल्याचा पूर्ण लाभ मिळे. दार एरवी बंद असते, पवित्र वर्षात उघडतात. बंद दारासमोरच्या पायरीवर मी बराच वेळ बसलो. दंडमाफीच्या प्रथेबद्दल लूथरने 1517 मध्ये जे म्हटले ते सारे मला पटते, आणि तरीही ज्याने कोणी हे दार ठरवले त्याला पोचू न शकणाऱ्या माणसाबद्दल काही कळले होते. मी जिच्या वतीने चालत होतो ती याच दारापाशी असती. तिला माझ्या किलोमीटरांची गरज नव्हती. हे मला तिथे पहिल्यांदा कळले असे म्हणणार नाही. पण त्यानंतर वही लिहायची राहून जाऊ लागली.

ओ सेब्रेइरोला धुके होते. सारियानंतर गर्दी.

सांतियागोच्या कॅथेड्रलमधल्या दुपारच्या मिस्सेला तिथले प्रसिद्ध भलेमोठे धुपाटणे झुलले नाही, आणि माझ्या शेजारच्या घोळक्याने त्याबद्दल मिस्सा चालू असतानाच नाराजी व्यक्त केली. प्रभुभोजनाच्या वेळी, कॅथलिक नसलेल्याने करायचे तसे, मी हात छातीवर दुमडून रांगेत गेलो. धर्मगुरूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्याकडे वळले. भाकर मिळाली नाही याचे वाईट वाटले, आणि ज्यांना मिळाली त्यांच्यातले काही अजून धुपाटण्याबद्दल कुजबुजत होते याचा राग आला, दोन्ही एकदमच.

यात्रेकरूंच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या स्वयंसेविकेने वाटेवर जमवलेले शिक्के तपासले आणि विचारले की यात्रा धार्मिक हेतूने केली का. हो म्हणालो. दुसऱ्या कोणाच्या वतीने? प्रमाणपत्रावर तशी नोंद करता येते. मृतांसाठी किंवा येणे शक्य नसलेल्यांसाठी 'विकारिए प्रो' असे लिहून पुढे त्या व्यक्तीचे नाव घालतात. मी नाव सांगितले, तिने दोनदा अक्षरे विचारून घेतली. मग मी विचारले की आणखी एक नाव घालता येईल का, एका कोरियन बाईंच्या भावाचे. नाव काय, तिने विचारले. मला ते ठाऊक नव्हते. नावाशिवाय जमणार नाही, असे ती अगदी सौम्यपणे म्हणाली, आणि माझे स्वतःचे नाव लिहायला लागली; त्याचे लॅटिन रूप काही सापडले नाही, म्हणून आहे तसेच लिहिले. प्रमाणपत्राला पैसे नाहीत, ठेवायला नळी हवी असेल तर तिचे पडतील, असे तिने सांगितले. मी नळी घेतली.