मृगातल्या तेजोमेघामागे एक रात्र

अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र गाठून आम्ही शहराच्या दिव्यांपासून दूर, उघड्या माळावर ट्रायपॉड रोवले. सोबत ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, नव्हता. साधा क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स, बस्स. मृग नक्षत्रातला एम ४२ हा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, सोडून कॅमेरा दुसरीकडे वळवायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. नवशिक्यांनीही असंच करावं. दहा ठिकाणी थोडा थोडा प्रकाश गोळा करण्यापेक्षा एकाच ठिकाणी भरपूर गोळा केलेला बरा.

जागेवर उजेड असतानाच पोहोचा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, म्हणून टॉर्च लाल आणि मंद हवी.

सगळ्यात जास्त वेळ फोकसला द्या. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. व्याधाचा तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठा करून आम्ही रिंग केसभर, केसभर फिरवत गेलो. फुगलेला ठिपका आक्रसत बारीक टिंब होतो आणि पुढे गेलात की पुन्हा फुगतो. तिथून किंचित मागे यायचं आणि रिंगवर चिकटपट्टी लावायची. रात्री गारठा वाढला की फोकस सरकतो, तेव्हा अधूनमधून तपासा. लेन्सवर दव धरतंय का तेही बघा.

आकाश तासाला १५ अंश सरकतं. तारे रेघेसारखे न ओढले जाता शटर किती वेळ उघडं ठेवता येईल, यासाठी ५०० भागिले फोकल लेंग्थ असा नियम आहे; लहान सेन्सरमुळे फोकल लेंग्थ दीडपट धरून त्याने साधारण साडेसहा सेकंद येतात. पण मृग खगोलीय विषुववृत्तावर असल्याने तिथले तारे सर्वांत वेगाने सरकतात आणि तेवढ्या वेळात लांबट होतात. ३ ते ४ सेकंदच ठेवा, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये, आणि शेकडो फोटो काढा. १०० फोटो एकत्र केले की सिग्नलच्या तुलनेत नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) दहाव्या हिश्श्यावर येतो. दर पंधरा मिनिटांनी फ्रेम पुन्हा जुळवून घ्या. निघण्यापूर्वी लेन्सला टोपण लावून, त्याच आयएसओ आणि एक्सपोजरला डार्क फ्रेम्स, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा नॉइज नंतर वजा करण्यासाठीचे काळे फोटो, तिथेच घ्या. घरच्या उबेत काढलेल्या तितक्या कामाच्या नाहीत.

स्टॅकिंगला, म्हणजे सगळे फोटो जुळवून एकत्र करायला, सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही मोफत आहेत. जोडलेला फोटो उघडल्यावर जवळपास काळाकुट्ट दिसेल. सगळी माहिती हिस्टोग्रामच्या (उजेड-अंधाराच्या आलेखाच्या) डाव्या, काळ्या कडेला दाटलेली असते. आधी पार्श्वभूमीतला प्रकाशाचा उतार काढा, मग रंग जुळवा आणि त्यानंतरच थोडं थोडं स्ट्रेच करा, म्हणजे अंधुक भाग उजळवा. दोन-तीन हलक्या फेऱ्यांत पंखांसारख्या कडा उमटायला लागतात, तो क्षण फार आनंदाचा! गाभा मात्र लगेच पांढराफटक पडतो, त्याला मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग झाकून, सांभाळा. आकाश ठार काळं करू नका, अंधुक धूळ त्यातच असते. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर बराचसा अडवतो, त्यामुळे लाली फिकी येणारच. सॅच्युरेशन ओढून ती आणायचा हट्ट नको.

मूळ रॉ फाइल्स आणि डार्क्स जपून ठेवा. पुढच्या अमावास्येचे फोटो त्यातच मिळवता येतात.