पोटातली फुलपाखरं

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला रुग्णांच्या प्रश्नावलीच्या जर्मन भाषांतराची फाइल परत आली. सातव्या वाक्यासमोर ग्राहकाच्या तपासनिसाचा लाल शेरा: 'अर्थ बदललाय. पहिल्या भाषांतरकाराचं घ्या.' या गृहस्थांना जर्मनचं अक्षर कळत नाही.

प्रश्नावली शस्त्रक्रियेआधीच्या भीतीची होती. मूळ इंग्रजी वाक्यात रुग्णाच्या पोटात फुलपाखरं उडत होती. इंग्रजीत ती धास्तीने उडतात. जर्मनमध्येही हुबेहूब तेच शब्द आहेत, 'श्मेटरलिंगे इम बाउख', आणि पहिल्या भाषांतरकाराने तेच ठेवले होते, पण तिथे ती उडतात माणूस प्रेमात पडला की.

मी पुण्यात बसून जर्मन कामांचं बघते. प्रत्यक्ष भाषांतर जर्मन माणसंच करतात. लोकांना वाटतं, एकाने केलं की झालं. पण २००५ साली इस्पोर या आरोग्य-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कार्यगटाने या कामाची रीत घालून दिली आहे. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, त्यातून एक पाठ ठरवायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत आणायचा, आणि शेवटी ५ ते ८ जणांना वाचायला देऊन विचारायचं, काय कळलं?

गोम आहे ती उलट इंग्रजीत आणण्यात. फुलपाखरं गेली, फुलपाखरं परत आली, की तपासनीस खूश! आम्ही ठरवलेलं 'फ्लाउएस गेफ्यूल इम मागन' मात्र 'पोटात मळमळल्यासारखं' होऊन परत आलं. चुकीचं भाषांतर शंभर टक्के जुळतं आणि बरोबर असलेल्यावर लाल रेघ पडते. नऊ वर्षं मी हेच लिहून कळवते आहे.

मी पानभर खुलासा पाठवला. उत्तर एका शब्दाचं: 'पुरावा?'

मग दोन्ही वाक्यं मुलाखतींना पाठवली. खुब्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या, सत्तरीला टेकलेल्या एक आजी फुलपाखरांपाशी थांबल्या आणि हसत सुटल्या. 'या वयात? आणि त्या सर्जनसाठी? तेवढा देखणा नाही हो तो!' हे मी अहवालात जसंच्या तसं घातलं. ठळक करून.

अवयवांचे शब्द सोपे वाटतात, पण तसं काही नसतं. मागे गुडघ्याच्या प्रश्नावलीत एका आजोबांनी 'फूस' दुखतो असं सांगून बोट मांडीवर ठेवलं. स्टुटगार्टकडच्या बोलीत फूस थेट कंबरेपर्यंत जातो. प्रमाण जर्मनमध्ये तो घोट्याखालीच, वरचं सगळं 'बाइन'. आमची हाम्बुर्गची भाषांतरकार हादरली. मला काहीच वाटलं नाही. आपला पाय तरी कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? घोटा आणि बोटाचा सांधा या दोघांनाही 'क्न्योशल' म्हणणाऱ्यांनी फार बोलू नये. वाक्प्रचार त्या मानाने बरे. इंग्रज थट्टेत पाय ओढतो, जर्मन हातावर उचलून घेतो. इंग्रज शुभेच्छा देताना बोटांवर बोट चढवतो, जर्मन अंगठा दाबतो. तिथे वेगळेपण दिसतं, म्हणून माणूस सावध असतो.

तर फुलपाखरं हरली. पण आमचं 'फ्लाउ'ही जिंकलं नाही. अकराव्या वाक्यात मळमळीचाच प्रश्न होता, आणि पाचांपैकी दोघं म्हणाले, 'हे आत्ताच विचारलंत ना?' म्हणजे तपासनीस अगदीच चुकला नव्हता. हे कबूल करायला मला रविवार उजाडला.

मराठीत 'पोटात गोळा येतो' लिहून मी मोकळी झाले असते. (आपल्याकडे पोटात कावळेही ओरडतात, पण ते भुकेने.) शेवटी 'मुलमिगेस गेफ्यूल इम बाउख', म्हणजे पोटात अस्वस्थ वाटणं, ठरलं, आणि त्याच आजींना पुन्हा फोन लावायला सांगितला. 'हो, हे बरोबर,' त्या म्हणाल्या. 'लिफ्ट खाली जाताना होतं ना, तसं.'

पाठ मंजूर झाला, फाइल गेली. लिफ्टमध्ये त्यांना भीती वाटते की नुसतं पोट हलतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं.