गावकीची भांडी

कळसूबाईच्या पायथ्याशी असलेल्या माझ्या आजोळी मी मे महिन्याच्या आरंभी दोन दिवस विश्रांतीसाठी गेलो होतो. मामीने चहाचा कप पुढे केला आणि पाठोपाठ मारुतीच्या देवळामागच्या खोलीची किल्लीही हातात ठेवली. त्या खोलीत गावकीची भांडी असतात. दोन माणसांनी उचलावी लागणारी पातेली, कढया, पराती, वगराळी, झारे आणि त्यांच्याच जोडीने घडी घालून ठेवलेल्या सतरंज्या. यंदा त्यांचा हिशेब मामाकडे होता आणि मामा लग्नघरी अडकला होता, त्यामुळे वही माझ्याकडे आली. शनिवार-रविवारचे पान उघडून पाहिले, तर एकाच कढईपुढे चार ठिकाणांची नावे लिहिलेली होती.

अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला पावसाचा मुक्काम लांबतो. भंडारदऱ्यापलीकडच्या घाटघरला तर नगरची चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी ही म्हण काही बदललेली नाही. मृग लागला की माणसे भाताच्या रोपांत आणि पुढे आवणीच्या चिखलात गुंततात. त्यामुळे लग्न, जत्रा, सप्ताह, कुस्त्या असे जे काही करायचे, ते राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजून झाल्यापासून पहिल्या सरीपर्यंतच्या थोडक्या दिवसांत उरकावे लागते. मुलांना सुट्टी असते, घाटाखाली मजुरीला गेलेली माणसे परतलेली असतात आणि मांडवाला पावसाची भीती नसते.

शनिवारी दुपारी लग्न लागले. पंगतीत भात, आमटी, वांग्या-बटाट्याची भाजी आणि बुंदी होती. आमटीची बादली घेऊन नाना फिरत होते. नाना नात्याने आमचे कोण लागतात हे मला अजून नीट कळलेले नाही, पण पानावरचा भात संपण्याआधी त्यांचे वगराळे तिथे पोहोचते, एवढे नक्की. हात धुऊन मंडळी तशीच क्रिकेटच्या सामन्याला गेली. मैदान म्हणजे कापणी झालेले भातखाचर. तिथे चेंडू खालच्या खाचरात गेला की षटकार मिळत नाही, उलट फलंदाज बाद होतो, कारण चेंडू शोधायला उतरायचे कोणी हा प्रश्न त्याशिवाय सुटलेला नाही. अंतिम सामना अंधारामुळे अर्धवट राहिला आणि त्याचे कोणाला फारसे वाईट वाटले नाही, कारण रात्री बोहाडा होता.

बोहाड्याला काही गावांत आखाडी असेही म्हणतात. मशालींच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या तालावर, देवदानवांचे मुखवटे चढवलेली सोंगे एकामागून एक नाचत येतात. आधी गणपती, मग सरस्वती आणि मग पहाटेपर्यंत न संपणारी रांग. संबळ वाजवणारा दुपारी लग्नात वाजवणाराच होता. मुखवटा घातलेल्याला समोरचे धड दिसत नाही, म्हणून एक माणूस कायम त्याला सांभाळत मागेपुढे असतो. मध्यरात्र उलटल्यावर दहा तोंडांचा रावण आला, तेव्हा मी खरोखर दचकलो, पण माझ्या शेजारी सतरंजीवर पेंगणारी भाची डोळे किलकिले करून म्हणाली, "हे तर आमटीवाले नाना." मी विचारले, कशावरून? तिने बोट खाली दाखवले. चेहरा लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा असला, तरी पाय नानांचेच होते आणि इथल्या मुलांना सगळ्या गावाचे पाय पाठ आहेत.

पुण्यात एका संध्याकाळी दोन कार्यक्रम आले की मी त्यातला एक निवडतो आणि बहुधा तिसरेच कारण सांगून घरी बसतो. इथे तशी सोय नाही, कारण नुसते पाहायला येणारी वेगळी माणसेच इथे शिल्लक नाहीत. वाढणारा नाचतो, नाचणारा गातो, आणि तो आला नाही तर कार्यक्रमाचा एक अवयवच कमी पडतो. तीन आठवड्यांनी हिरडा-बेहड्याच्या झाडांवरचे काजवे पाहायला शहरांतून गाड्यांची रांग लागेल. त्या मंडळींना मशालींची ही रात्र ठाऊक नसते, याचे मला थोडे बरे वाटते, हे कबूल करतो.

देवीने महिषासुराला मारले तेव्हा फटफटले होते. दहा वाजता शेजारच्या वाडीत काल्याचे कीर्तन होते. तिथे नाना हातात टाळ घेऊन बसले होते. डोळे मिटलेले, ते भक्तीने की झोपेने हे सांगणे कठीण, पण टाळ मात्र एकदाही चुकला नाही. दुपारी कुस्त्यांच्या हगाम्यात ते पंच होते. रेवड्यांवरच्या कुस्त्यांत दोन चिमुरडे पैलवान एकमेकांचे लंगोट धरून रडू लागले, तेव्हा त्यांनी दोघांनाही मूठमूठ रेवड्या देऊन जोड बरोबरीत सोडवली.

रविवारी संध्याकाळी राखेने घासलेली भांडी देवळापुढे ओळीने मांडली आणि मी वही घेऊन मोजू लागलो. पातेली भरली, पराती भरल्या, एक झारा मात्र कमी पडला. लग्नघरी नव्हता, वाडीतल्या महाप्रसादाच्या चुलीपाशीही नव्हता. शेवटी नाना कपाळावर हात मारून उठले आणि सोंगांच्या पेटाऱ्याकडे गेले. रात्री त्राटिकेच्या हातात शस्त्र म्हणून काहीतरी हवे होते. झाऱ्याच्या दांड्याला अजून शेंदूर लागलेला होता. मामी म्हणाली, "राहू दे तसाच, मंगळवारी खालच्या आळीत लग्न आहे, तेव्हा घासू." मी वहीत लिहिले: झारा १, परत.