सॅक घेऊन हनोईत: पहिल्या दिवसाचा अनुभव

मुंबईहून रात्री निघालेले विमान हनोईच्या नोई बाय विमानतळावर पहाटे उतरले. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे चालते, त्यामुळे झोपेचा हिशेब आधीच तुटीचा होता. म्हणूनच मी निघण्यापूर्वी ठरवले होते की पहिल्या दिवशी संग्रहालये, स्मारके असे काही पाहायचे नाही. पैसे, मुक्काम, रस्ता आणि जेवण या चार गोष्टी अंगवळणी पडल्या तरी दिवस कारणी लागला असे समजायचे. एकटीने आणि बेताच्या खर्चात फिरायचे असेल तर मला अजूनही हाच क्रम योग्य वाटतो.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरूनच काढावा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि एकाच प्रवेशाचा असल्यास शुल्क २५ अमेरिकी डॉलर आहे. अर्ज सोपा असला, तरी आपल्या पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एका रकान्यात व आडनाव दुसऱ्या रकान्यात असते, ते काहीही न गाळता जसेच्या तसे भरण्याची काळजी घ्यावी लागते. व्हिसाची छापील प्रत मी हाताशी ठेवली होती. खिडकीतल्या अधिकाऱ्याने ती पाहिली, पासपोर्टवर शिक्का मारला आणि एकही प्रश्न न विचारता पुढच्या माणसाला बोलावले.

खरी परीक्षा पैशांची होती. डोंग हे चलन भारतात सहजासहजी मिळत नाही, म्हणून डॉलरच्या न चुरगळलेल्या, कोऱ्या नोटा नेल्या होत्या. त्यांतले थोडेच विमानतळावर बदलले आणि हातात एकदम लाखांच्या घरातली रक्कम आली. त्या दिवशी रुपयाला साधारण ३०० डोंग पडत होते. शेवटची तीन शून्ये मनातल्या मनात झाकायची आणि उरलेल्या आकड्याची तिप्पट करून थोडे वर धरायचे, की रुपयांतली किंमत कळते. दुकानदारही पाट्यांवर ती तीन शून्ये गाळूनच भाव लिहितात. पण शून्यांपेक्षा रंग अधिक फसवे आहेत. १०,००० पासून वरच्या सगळ्या नोटा प्लास्टिकच्या आणि सगळ्यांवर हो चि मिन्ह यांचाच चेहरा. त्यांत २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळीच. म्हणजे पासष्ट-सत्तर रुपयांच्या जागी साडेसोळाशे रुपये सहज हातातून जातील. बाहेर पडण्यापूर्वी एका बाकावर बसून मी मोठ्या नोटा सॅकच्या आतल्या कप्प्यात आणि सुट्या नोटा खिशातल्या पाकिटात अशी वाटणी केली. पासपोर्ट दाखवून सिम कार्डही तेथेच घेतले.

दारापाशी टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतोच. शहर पंचवीसेक किलोमीटर दूर आहे, बस आता नाही, ती फार वेळ घेते, असे निरनिराळे तपशील आपुलकीने पुरवले जातात. नम्रपणे मान हलवून मी ८६ क्रमांकाच्या नारिंगी बसच्या थांब्याकडे गेले. भाडे ४५,००० डोंग, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. कंडक्टरने पैसे घेऊन तिकीट दिले आणि सॅक कोठे ठेवायची ते खुणेनेच दाखवले. बस २०१५ साली सुरू झालेल्या न्यात तान पुलावरून लाल नदी ओलांडते आणि नंतर बंधाऱ्याच्या रस्त्याने शहरात शिरते. त्या बंधाऱ्याच्या भिंतीवर चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांचे जवळजवळ चार किलोमीटर लांबीचे चित्र आहे. ते पाहता पाहता लॉन्ग बिएनचा थांबा आला, आणि तेथे उतरल्यावर जुन्या पेठेपर्यंत चालतच गेले.

हॉस्टेलमध्ये खोली दुपारी मिळणार होती, परंतु सॅक ठेवून घेतली आणि पासपोर्टची नोंद केली; परदेशी पाहुण्याची माहिती पोलिसांना कळवणे तेथे यजमानांवर बंधनकारक आहे, तेव्हा त्यात शंका घेण्यासारखे काही नाही. इमारत तेथील प्रसिद्ध नळीसारख्या घरांपैकी होती: रस्त्याकडील तोंड जेमतेम तीन-चार मीटर रुंद, आणि आत मात्र खोलच खोल. लिफ्ट नव्हती व स्त्रियांची खोली अर्थातच सर्वांत वर होती.

आता रस्ता. हनोईच्या जुन्या पेठेत दुचाक्यांचा ओघ थांबत नाही, त्यामुळे तो थांबण्याची वाट पाहत उभे राहिलात तर संध्याकाळ होईल. पुण्यात वाढलेल्या माणसाला दुचाक्यांचे काय कौतुक, असा माझा समज होता. पण पुण्यात आपण धावतो, थबकतो, मागे येतो, हात दाखवून कोणावर तरी डोळे वटारतो, आणि येथे नेमके हेच करायचे नसते. एक म्हातारी आजी भाजीची पिशवी घेऊन निघाली, तेव्हा मी तिच्या शेजारी, गाड्या ज्या बाजूने येत होत्या त्याच्या पलीकडल्या अंगाने चालू लागले. तिने गती वाढवली नाही, कमी केली नाही, मान खाली घातली नाही. दुचाकीस्वार तुमच्या चालीचा अंदाज घेऊन तुमच्या पुढून किंवा मागून वळण काढतात, म्हणून तुमची चाल एकसारखी असणे हाच त्यांच्याशी झालेला करार असतो. मोटारी आणि बस मात्र या करारात नाहीत. त्यांना जाऊ द्यावे. शिवाय तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आधी डावीकडे पाहायचे, हे मानेला वळण लावावे लागते.

दिवस पौर्णिमेचा होता, आणि हा योगायोग माझ्या फार पथ्यावर पडला. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तेथील अनेक माणसे मांस-मासे वर्ज्य करतात. एरवी शाकाहारी माणसाची अडचण मांसापेक्षा नुओक मामची, म्हणजे माशापासून केलेल्या पातळ, खारट रसाची असते. तो भाजीतही पडतो आणि डोळ्यांना दिसत नाही. ‘चाय’ अशी पाटी असलेल्या ठिकाणी जेवण पूर्ण शाकाहारी मिळते. पौर्णिमेमुळे अशा जागांवर नोकरदारांची आणि बायकांची गर्दी होती. काचेमागे मांडलेल्या पदार्थांकडे बोट दाखवत मी भात, लेमनग्रासमध्ये परतलेले टोफू, आळंबी आणि पाण्यातल्या पालकासारखी एक पालेभाजी घेतली. शेजारच्या बाईने माझ्या ताटात लसूण-मिरचीची सोया चटणी न विचारता वाढली, आणि तेथून जेवणाला खरी चव आली.

पेठेतल्या गल्ल्यांची नावे मालावरून पडलेली आहेत. हांग बाक चांदीची, हांग थिएक पत्र्याच्या वस्तूंची आणि हांग मा पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंची. हांग मामध्ये कागदी नोटांच्या थप्प्या, कागदी कपडे, इतकेच काय, कागदी मोबाइलही विकायला होते. दुपारनंतर दुकानांसमोर छोटी मेजे आली, त्यांवर फळे, बिस्किटांचे पुडे, बिअरचे डबे आणि उदबत्त्या. नंतर पदपथावरच्या पत्र्याच्या डब्यांत त्या नोटा एकेक करून टाकल्या जाऊ लागल्या. एक तरुण दुकानदार मोबाइलवर बोलता बोलता चिमट्याने राख ढवळत होता. आपल्याकडे पितरांना काकस्पर्शाची वाट पाहायला लावतात, येथे थेट रोख पाठवतात, असे मनात येऊन गेले.

काही पाहायचे नाही असे ठरवले असले, तरी होआन किएम तळे पेठेला लागूनच असल्यामुळे ते टळत नाही. पंधराव्या शतकात चीनच्या मिंग सैन्याला हटवणाऱ्या ले लोई राजाने आपली दैवी तलवार येथील कासवाला परत केली, अशी दंतकथा आहे. लाल लाकडी पुलावरून न्गॉक सन मंदिरात गेल्यावर काचेच्या पेटीत जतन केलेली दोन प्रचंड कासवे दिसतात. तळ्यातले शेवटचे कासव जानेवारी २०१६ मध्ये मरण पावले. पौर्णिमेमुळे आत धूर आणि रेटारेटी इतकी होती की मी लवकरच बाहेर पडले.

झोप आवरेना, तेव्हा अंड्याची कॉफी घेतली. दुधाच्या टंचाईच्या काळात, १९४६ च्या सुमारास, हनोईतच तिचा शोध लागला. फेटलेला पिवळा बलक आणि आटवलेले गोड दूध यांचा जाड थर वर, खाली कडक काळी कॉफी, आणि कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवलेला. मला वास येईल अशी धास्ती होती; तो आला नाही. (शाकाहारात अंडे बसते की नाही हा वाद घरी ठेवून आले होते.)

खोली मिळाल्यावर तासभर पडून घेतले आणि मग निन्ह बिन्हच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीचे तिकीट काढायला रेल्वे स्थानकावर चालत गेले. वाटेतला ले दुआन हा रुंद, मोटारींचा रस्ता मात्र मी निमूटपणे सिग्नलवरच ओलांडला. तिकीटखिडकीवर पैसे देताना निळ्या नोटा दोनदा पाहून दिल्या.