जळालेला पॅड आणि बरोबर आकडा

तक्रार एवढीच होती: केबल बदलली की रीडिंग बदलतं. यंत्र म्हणजे सिग्नलमधल्या प्रत्येक फ्रिक्वेन्सीची पॉवर दाखवणारा सेकंडहँड स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. विकणाऱ्याने त्याचाच ३०० मेगाहर्ट्झ, −२० डीबीएमचा (डीबीएम म्हणजे १ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर) कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेल्या ताकदीचा तपासणी सिग्नल, जोडून दाखवला होता. माझ्या टेबलावरही नेमके −२० आले. अर्थात प्रीसेट, म्हणजे सगळ्या सेटिंग्ज मूळ जागी आणणारं बटण, दाबून.

प्रीसेटला येणारा सिग्नल पायऱ्यांनी कमी करणारा इनपुट अ‍ॅटेन्युएटर १० डीबीवर असतो. तो बदलला तर यंत्र आतला गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) तेवढाच बदलून घेतं, म्हणून आकडा हलता कामा नये. इथे ० वर −२२.६, १० वर −२०, २० वर पुन्हा −२२.६, ३० वर −२०. आत १०, २० असे वेगवेगळे पॅड (सिग्नल कापणारे रेझिस्टरांचे संच) असतात; ३० म्हणजे १० अधिक २०. म्हणजे जिथे १० चा पॅड आत येतो तिथेच आकडा ‘बरोबर’. गोम तिथेच.

अ‍ॅटेन्युएटर बाहेर काढला. (सेमी-रिजिड, म्हणजे धातूच्या नळीची कडक केबल वाकवून वाट काढणारे महाभाग आहेत, दोन्ही टोकांचे नट सोडून ती अख्खी काढावी.) आउटपुट मोकळं ठेवून मल्टीमीटरने इनपुट मोजलं. धडधाकट १० डीबीच्या पाय (π) आकाराच्या पॅडला ६१ ओम यायला हवेत: इनपुटकडे ९६ चा शंट (ग्राउंडला जोडलेला रेझिस्टर), त्याला समांतर मधला ७१ अधिक आउटपुटकडचा ९६ चा शंट. आले १६७. म्हणजे इनपुटकडचा शंट उघडा, जळून तुटलेला.

पॅडला मिळालेली निम्म्याहून जास्त पॉवर याच शंटमध्ये जिरते. कुणी बहुधा वॉकीटॉकी थेट लावून पीटीटी (बोलायचं बटण) दाबला असणार. ५ वॉट म्हणजे +३७ डीबीएम. सॉकेटशेजारी कमाल +३० असं ठळक छापलेलं आहे, पण वाचतो कोण! हा शंट गेला की पॅड १० ऐवजी ७.४ डीबीच कापतो, म्हणजे रेझिस्टर जळून सिग्नल वाढतो. एसडब्ल्यूआर (जुळणी बिघडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप, आदर्श १) २.१ च्या आसपास जातो, म्हणून केबलगणिक रीडिंग वेगळं.

मग प्रीसेटला −१७.४ दिसायला हवे होते. आयएफ गेनचा ट्रिमर (आतल्या पुढच्या टप्प्याचा गेन जुळवायचा छोटा स्क्रू) कुणीतरी २.६ डीबी खाली आणला होता. दुसऱ्या मेलेल्या यंत्रातला अ‍ॅटेन्युएटर बसवला, तेव्हा सगळ्या पायऱ्यांवर −२२.६ आले. ट्रिमर वर घेतला, −२० झाले.

ही लबाडी होती की अर्धवट काम, हे अजून ठरत नाही. फक्त प्रीसेटवर तपासणाऱ्याला ‘कॅलिब्रेशन सरकलंय’ असंच वाटेल. ट्रिमरवरचं लाखेचं सील तुटलेलं मला झाकण उघडताच दिसलं होतं. जुन्या यंत्रात असायचंच, म्हणून मीही सोडून दिलं.