आईच्या सुपातली विडी

आमचं घर विडीवर चाललं. आप्पा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर होते, पण त्या पगारात महिना निघायचा नाही. म्हणून आई दारात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हजार होईपर्यंत दिवस मावळायचा. कारखान्यात नापास होईल अशी वाकडी विडी ती आधीच बाजूला काढायची. त्या आप्पांच्या. रोजच्या तीस-चाळीस तरी.

आप्पा म्हणायचे, "विडी पानाची असते, तिनं काय होत नसतं." मीही तेच धरून सोळाव्या वर्षी सुपातली पहिली विडी उचलली. खरं तर उलटं आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, विडी सारखी विझते, म्हणून ती जोरानं आणि पुन्हापुन्हा ओढावी लागते. डांबर आणि विषारी वायू सिगारेटपेक्षा जास्तच आत जातो. हे मला फार उशिरा कळलं.

आप्पांना खोकला होताच. विडी ओढणाऱ्याला खोकला असायचाच, असं आम्ही धरून चाललो होतो. वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून टीबीची औषधं सुरू केली. थुंकी तपासलीच नाही. चार महिने त्यात गेले. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे. फोटोत डाग दिसला आणि माणूस विडी-सिगारेट ओढणारा असला, तर थुंकी तपासायला लावा, सीटी स्कॅनचं विचारा. गप्प बसू नका. आप्पांचा स्कॅन झाला, सुई घालून तुकडा काढला. फुप्फुसाचा कॅन्सर, हाडापर्यंत गेलेला. रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेतून उपचार झाले, पैशाचा घोर तेवढा टळला.

रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन एक ओढली. परत खाटेजवळ बसलो, तर आप्पांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. "ओढून आलास व्हय?" मी नाही म्हणालो. ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "घरात फळीवर विड्यांचे दोन कट्टे हायेत. फेकून दे."

मी फेकले नाहीत. तेरावा झाल्यावर तेच कट्टे ओढले, दारात बसून. आई सूप घेऊन बसली होती. तिनं एक वाकडी विडी वेगळी काढली आणि मान वर न करता विचारलं, "आता तुझ्यासाठी बाजूला ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी मी पाकिटावरचा, विडी-तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर लावला. 1800-11-2356, फुकट आहे. पलीकडच्या बाईंनी विचारलं, उठल्यावर किती वेळानं पहिली पेटवता? मी म्हणालो, तोंड धुवायच्या आधी. त्यांनी तारीख ठरवायला लावली. मेडिकलमधून 2 मिलिग्रॅमची निकोटिनच्या च्युइंगमची गोळी आणली आणि साध्या च्युइंगमसारखी चघळत सुटलो. उचक्या, मळमळ. नंतर कळलं, हळूहळू चावायची, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायची. आणि चहा घेतल्याबरोबर ती लागू पडत नाही, पंधरा मिनिटं थांबायचं. आपल्याकडं दर तासाला चहा होतो, त्यामुळं हे महत्त्वाचं.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. डोकं ठणकायचं, बायकोवर उगाच ओरडलो. विडीशिवाय सकाळी पोट साफ होईना. हे कुणी बोलत नाही, पण बऱ्याच जणांची सोडायची हिंमत इथंच मोडते. कोमट पाणी, पेरू, भरपूर भाजी यावर दोन आठवड्यांत सुरळीत झालं. तलफ आली की पाचेक मिनिटं काढायची, ती ओसरते. मी सिद्धेश्वर तलावाकडं चालत सुटायचो.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत मित्रांत बसून दोन ओढल्या. घरी येऊन रडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस मोजला. ओढलीत तर पुन्हा मोजा, सोडणं सोडू नका. दहा वर्षं सुटली तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. आप्पांनी पन्नाशीत सोडली असती, तर त्यांना विडीशिवायची ती दहा वर्षं मिळाली असती. तुमच्याकडं ती आहेत, म्हणून हात जोडून सांगतोय.

मागावरच्या माझ्या सोबत्यानं आता सोडलीय. आज एकोणीस दिवस झाले. रात्री अकराला तलफ आली की तो मला फोन करतो, आम्ही काहीबाही बोलतो. काल त्याचा फोन आला नाही, म्हणून घाबरून मीच लावला. त्याच्या बायकोनं उचलला. म्हणाली, "भाऊजी, ते कवाच झोपलेत."