निशिकासाईतली भरली वांगी आणि निळा कोरस

टोकियोतल्या निशिकासाईहून तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाचीला आलो, तिथून मारुनोउची लाइनने ओचानोमिझु. स्टेशनापासून मेइजी विद्यापीठाच्या बाजूने उतरत जाणारा रस्ता म्हणजे मेइदाई-दोरी. जिकडे बघावं तिकडे गिटारची दुकानं! टोकियोत गिटारवाल्याने एकच ठिकाण बघायचं ठरवलं, तर ते हेच असावं.

नवऱ्याला आणि मला विकत काहीच घ्यायचं नव्हतं. निशिकासाईत आम्ही उतरलो होतो ते आमच्या कोल्हापूरच्या मित्राकडे, आणि त्याच्याशी पेडलची, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांची, अदलाबदल ठरली होती. आमचा एमएक्सआरचा कार्बन कॉपी डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारं पेडल) त्याला, त्याचा बॉसचा जुना सीई-२ कोरस आम्हाला. मैत्रीतल्या व्यवहारातही बाजारभाव दोघांना ठाऊक हवा, म्हणून ही फेरी. काचेच्या कपाटांत जुनी पेडलं किमतीच्या चिठ्ठ्यांसकट मांडलेली होती. सीई-२ चा भाव आमच्या डिलेपेक्षा चढा निघाला. मग वर आपला पिवळा एसडी-१ ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) द्यायचा, हे तिथेच फुटपाथवर ठरलं.

सीई-२ च्या या निळ्या डबीवर माझा फार जीव आहे. बॉस हा रोलंड कंपनीचा ब्रँड. रोलंडने १९७५ मध्ये जेसी-१२० हा गिटारचा अ‍ॅम्प आणला, त्यातला कोरस १९७६ मध्ये सीई-१ म्हणून वेगळा काढला, आणि १९७९ मध्ये तो पायाखाली मावेल एवढा लहान होऊन सीई-२ झाला. आत एमएन३००७ नावाची चिप असते. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात तसा आवाज तिच्या १,०२४ टप्प्यांतून पुढे सरकतो आणि किंचित उशिरा बाहेर पडतो. तो उशीर सतत कमीजास्त होत राहतो. मूळ सुरात तो मिसळला की एकच गिटार दोघं मिळून वाजवताहेत असं वाटतं.

संध्याकाळी मित्राचं स्वयंपाकघर आम्ही दोघांनी ताब्यात घेतलं. वहिनींना म्हटलं, "तुम्ही आज बसा, भरली वांगी आम्ही करतो." जपानी वांगी लहान, पातळ सालीची आणि कमी बियांची असतात, भरायला अगदी हवी तशी. शेंगदाणे शेजारच्या चिबा प्रांतातले. जपानातले बहुतेक शेंगदाणे तिथेच पिकतात. गोडा मसाला घरून नेला होता, गूळ आणि चिंच निशिकासाईतल्या भारतीय दुकानात मिळाली. ओटा एवढा अरुंद, की नवरा कूट करून सारण भरत होता तेव्हा मी दारात उभी राहून कांदा चिरत होते. फोडणी मात्र माझीच, ते आमच्याकडे कधीच बदलत नाही. सारणात गूळ किती यावर आमचं नेहमीसारखं वाजलं. शेवटी त्याचं ऐकलं, आणि त्याचंच बरोबर होतं.

वांगी मंद आचेवर शिजत असताना आम्ही पेडलं जोडली, शेजाऱ्यांमुळे अ‍ॅम्प अगदी हळू. दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटं वाजवून पेडल कळत नाही. घरी वेळ असतो. कोरस आधी लावून बघितला, मग ओव्हरड्राइव्हनंतर, मग डिलेच्या पुढे आणि मागे. ओव्हरड्राइव्हनंतर तो सगळ्यात मोकळा झाला. मध्येच उठून वांगी हलवून यायची, तेवढ्यात मित्र वाजवायचा. त्याला डिले आवडला हे त्याने सांगायच्या आधी मला दिसलं. तो तीच एक ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होता.

जुना सीई-२ घेणार असाल तर तो उलटा करून खालची पट्टी वाचा. तिथे एसीए (बॉसच्या जुन्या अ‍ॅडॉप्टरचा प्रकार) लिहिलं असेल तर आजचा साधा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावल्यावर दिवा मंद होतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मात्र तो व्यवस्थित चालतो. आमच्यावर एसीएच आहे. मित्राचा अ‍ॅडॉप्टर आणून उपयोग नव्हता, तो जपानच्या १०० व्होल्टचा. त्यामुळे सध्या पुण्यात बॅटरीवर वाजवतोय. दिवाळीत मित्र आणि वहिनी येणार आहेत. त्याने फेझर नावाचं आणखी एक पेडल आणायचं कबूल केलंय, आणि वहिनींनी पांढऱ्या-तांबड्या रश्श्याची जबाबदारी घेतली आहे.